पिंड आणि वारसा

 मिळकतीचे वारस ठरविताना इंग्रजी अदालतीही धर्मशास्त्रावरील ज्या मिताक्षरा टीकेचा आधार घेत, तिच्यात विज्ञानेश्वराने, मेंडेलच्या आनुवंशिकतेवरील 1866 च्या निबंधापूर्वी सातशेहून अधिक वर्षे, सपिंडता (निकटचे नाते) श्राद्धातल्या पिंडावरून नव्हे, तर एकाच देहाचे अंश वंशजांत उतरतात यावरून ठरविली होती. पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्या त्याने विवाहास वर्ज्य मानल्या, तरी दख्खनेत मामाच्या मुलीशी विवाह रूढच राहिला. अशा दांपत्याच्या अपत्यास एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळांत एक असते. केवळ पितृवंश मोजणाऱ्या गोत्रास ती, माझ्या मते, दिसणेच शक्य नव्हते.