पेपर टाकणारे आणि गिरणी सोडून जाणारे

 

हिंजवडीत शिवाजी चौकाच्या आसपास कुठल्याही टपरीवर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. चहा संपायच्या आत एकदा तरी कानावर पडतंच, "पेपर टाकले रे." म्हणजे राजीनामा दिला. ऐकणारा लगेच विचारतो, "हाईक किती?" का सोडलं, हे फारसं कोणी विचारत नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं.

आपल्या मुळशी तालुक्यातल्या लोकांसाठी आयटी पार्क म्हणजे ट्रॅफिक, भाड्याच्या खोल्या आणि गुंठ्याचे भाव. आत बसणाऱ्यांना तिथल्या कामाबद्दल काय वाटतं, याची चर्चा आपण कमी करतो. त्यांच्याशी बोललं तर साधारण एकच सूर लागतो. पगार चांगला, शिकायला मिळतं, टीममधली पोरं जीवाला जीव देणारी. आणि मग "पण" येतो. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे मीटिंग रात्री नऊ वाजता. शनिवारी "फक्त दोन तास" लॉगिन. मॅनेजर बदलला की वर्षभराच्या कामाचं मोल बदलतं. प्रोजेक्ट संपला की बेंचवर, आणि बेंचवर बसलेल्याला रात्री झोप नाही.

एवढं सगळं आतल्या आत. तक्रार कुणी लेखी देत नाही. मग माणूस मत कसं देतो? सोडून जातो.

कंपन्या याला ॲट्रिशन म्हणतात. २०२१-२२ मध्ये ही लाट केवढी होती बघा. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात इन्फोसिसचा हा आकडा २७.७ टक्के होता, टीसीएसचा १७.४. म्हणजे एका कंपनीत ढोबळमानाने चारातला एक माणूस वर्षभरात निघून गेला. तेव्हा व्यवस्थापनाच्या बाजूने ऐकू आलेलं स्पष्टीकरण ठरलेलं होतं. नव्या पिढीला निष्ठा नाही, चार पैसे जास्त दिसले की उड्या मारतात.

हे वाक्य नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईचे गिरणीमालकही हेच म्हणायचे. कामगार चंचल आहे, गावाकडे पळतो, टिकत नाही.

आणि त्या गिरण्यांशी आपल्या मुळशीचा जवळचा संबंध आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे सोबत होते. टाटांच्या वीज कंपनीसाठी धरण होणार होतं, मावळ्यांची भातशेती बुडणार होती. घोषणा होती "जान किंवा जमीन". लढा मोडला, जमीन पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. ती वीज कुठे गेली? मुंबईला, तिथल्या कारखान्यांना, गिरण्यांना. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खाचरांवर त्या गिरण्या फिरल्या.

त्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतली माणसं राबत होती. ती टिकत नव्हती हे खरं. का टिकत नव्हती?

पहिलं कारण तास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की काम थांबायचं. दिवा आल्यावर सूर्य मावळण्याला अर्थच उरला नाही. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या, कामगार चिडून रस्त्यावर आले. आपल्या घरातल्या पोराचा लॅपटॉप आठवा. घरी नेता येईल असं काम दिलं की दिवस कधी संपतो?

दुसरं कारण जॉबर. कामावर घेणारा, काढणारा, रजा देणारा हाच. नोकरी हवी तर त्याला दस्तुरी द्यायची. नवा माणूस आला की नवी दस्तुरी, म्हणजे माणसं बदलत राहण्यात जॉबरचा फायदाच होता. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, व्हिटली आयोग म्हणतात त्याने, हा प्रकार नीट नोंदवून ठेवला आहे. मालक कामगाराला चंचल म्हणत होते आणि चंचलपणाचं दुकान त्यांच्याच दारात होतं.

तिसरं, पगार अडकवून ठेवणं. या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कधीतरी. मध्येच सोडलं तर राहिलेले पैसे बुडण्याची भीती. आज पगार वेळेवर होतो, पण नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत या, जुनी सोडत नाही. माणूस तीन महिने मध्येच लटकलेला.

गिरणी कामगारांचं हे मत आकड्यातून बाहेर काढून कागदावर आणलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेलं. मागण्या वाचल्या तर आज साध्या वाटतात. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत. अपघात झाला तर भरपाई. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन बायाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढचा प्रवास हळूहळू झाला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याला साठ तास. १९३४ ला चोपन्न. १९४६ ला अठ्ठेचाळीस. पगार किती तारखेच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या कायद्याने ठरवलं. लोखंड्यांच्या निवेदनानंतर बावन्न वर्षांनी.

आता एक आकडा शेजारी ठेवून बघा. १९२२ मध्ये इंग्रज सरकारने गिरणी कामगारासाठी आठवड्याला साठ तासांची कमाल मर्यादा घातली. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी सत्तर तास काम करावं. ज्यांची कंपनी १९८१ मध्ये याच पुण्यात सुरू झाली, त्यांचं हे वाक्य. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या प्रमुखांचं नव्वद तासांचं बोलणं गाजलं.

गिरणी आणि आयटी एक नाही, हे मलाही कळतं. एसीत बसणं आणि साच्यावर उभं राहून फुप्फुसात कापूस भरून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या नोकऱ्यांनी लातूर-सांगलीच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा पक्कं घर आलं. पण दबाव कमी आहे असं म्हणू नका. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीत चार महिनेच काम केलेल्या २६ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने मुलगी गेली, असं तिच्या आईने कंपनीला पत्रात लिहिलं. कंपनीने ते मान्य केलं नाही. ते पत्र देशभर वाचलं गेलं, कारण शेकडो घरांना ते आपलंच वाटलं.

आणि आता वारं फिरलंय. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसने नियम आणला, वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल हवेत, बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नाही. जुलैमध्ये जगभरातली सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याची घोषणा झाली. पूर्वी गिरणीच्या फाटकाबाहेर बदली कामगार सकाळी उभे असायचे, आज नाव लागेल का बघायला. बेंचवरचा माणूस फाटकाच्या आत बसलाय, एवढाच फरक. सोडून जाऊन मत देण्याची सोयही कमी झाली, कारण जायचं कुठे?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांत रोजचे तास नऊवरून दहा, आणि कारखान्यांत नऊवरून बारापर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा आणि जादा कामाचा मोबदला कायम राहील, असं सरकार म्हणतं. आयटी कंपन्यांना हाच दुकाने व आस्थापना कायदा लागतो. हिंजवडीतल्या किती जणांनी ही बातमी शेवटपर्यंत वाचली? किती जणांनी त्यावर एक ओळ हरकत लिहिली?

एकट्याने दिलेलं मत राजीनामा होतं, आणि त्याची नोंद कंपनीच्या तिमाही अहवालात एका टक्क्याच्या अंशात होते. रविवारची सुट्टी मिळाली ती ५,५०० जणांनी सही केली म्हणून. त्यातल्या कित्येकांना सही येत नसेल, अंगठाच उठवला असेल. आपल्याकडे तर सगळे इंजिनीअर आहेत.

तुमच्या घरात, शेजारी, भाडेकरूंत कोणी आयटीत असेल तर आज एक प्रश्न विचारा, "आठवड्याला खरे तास किती भरतात?" उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं किंवा माणसाचं नाव नको, फक्त तास लिहा. निदान मोजायला तरी सुरुवात करू.