ताटाची नोंद कोण करणार?

भाईंदर पूर्वेला आमची दहा बाय बाराची खोली. रोलिंग मिलमधली रातपाळी सुटली की मी वही घेऊन बसतो. शाळेच्या पुस्तकात आपली माणसं सापडली नाहीत. म्हणून ठरवलं, आपल्याच घराला विचारायचं : तुम्ही मुलूख सोडला तेव्हा काय झालं?

पहिली आजी. १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडची. खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, मग मनमाडला गाडी बदलून दादर. गावात तिच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं.

"आजी, मुंबई कशी वाटली?"

"परमुलूख रं लेकरा. पर नळावर कुनी इचारलं न्हाई, तू कोन्या जातीची. रांगेत हंडा ठिवला आन् मव्हं काळीज धडधडाया लागलं."

आमच्या घरानं ओलांडलेली ही पहिली सरहद्द. तिला पासपोर्ट लागला नाही.

दुसरे आजीचे धाकटे भाऊ. बाबांचे मामा, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. बहिणीमागं मुंबईत आले, वेल्डिंग शिकले, एजंटाला देण्यासाठी व्याजानं पैसे काढले आणि १९८८ ला कुवेतला गेले.

"मामा, तिथं जात होती का?"

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरबाला काय ठाव जात? त्याला आपन समदे हिंदी. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. जात नेली ती आपल्याच लोकांनी, ट्रंकेत घालून."

खोलीत बाराजण, जेवण एकत्र. आडनाव कळल्यावर मामांचं ताट निराळं झालं. शिवी नाही, भांडण नाही. नुसतं ताट निराळं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मामा मिळेल त्या बसनं इराक ओलांडून जॉर्डनच्या हद्दीवर पोचले. तिथं तंबू, वाळू, पाण्याची रांग.

"ज्यानं माझं ताट निराळं केलं ना, तो माझ्याच बाटलीला तोंड लावून प्याला."

"मग तो बदलला?"

"सहारला इमान उतरलं. त्याच्या घरची मानसं न्यायला आलती. त्यानं वळख दिली न्हाई."

त्या वेळी अम्मानहून लाखाहून जास्त माणसं विमानांनी परत आणली. जवळजवळ ५०० फेऱ्या झाल्या. फेऱ्यांची नोंद आहे, २०१६ ला सिनेमाही आला. मामांच्या ताटाची नोंद कुठंच नाही.

मे १९१६. बाबासाहेब पंचवीस वर्षांचे, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. जातीवरच्या निबंधात त्यांनी केतकरांचा दाखला देऊन बजावलं, की हिंदू माणूस देशोदेशी गेला तर जात हा जगाचा प्रश्न होईल. फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. मधे १०७ वर्षं गेली.

मामांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "कायदा झाला म्हंजे कुनीतरी आधी तोंड उघडलं आसंल. म्या तर कुनालाच सांगितलं न्हाई. तुझ्या आजीलाबी न्हाई."

मी खाली मान घातली. मिलमध्ये पहिलं वर्षभर मीसुद्धा नुसतं पहिलं नाव सांगत होतो.

मित्रांनो, २० मार्च १९२७ चं चवदार तळं आपण प्रत्येक भाषणात सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण आपल्या आजीनं पहिल्यांदा रांगेत हंडा ठेवला तो नळ कुठला, हे किती जणांनी विचारलंय? म्हातारी माणसं पिकली पानं आहेत. नुसतं "कसं होतं?" विचारलंत तर "बरं होतं" म्हणून मोकळी होतील. पाणी कुठलं प्यालात ते विचारा. ताट कुणी धुतलं, आडनाव कुणाला काय सांगितलं, कर्ज कधी फिटलं, ते विचारा. साल आठवत नसेल तर खूण धरा : ७२ चा दुष्काळ, ८२ चा गिरणी संप, ९४ चं नामांतर. बोलतील तसंच लिहा, त्यांची भाषा 'शुद्ध' करू नका.

मामांचं कर्ज १९९७ ला फिटलं. हे मी वहीत लिहून ठेवलंय. आता तुमची वही काढा.

जयभीम.