बैलाला लस, कुत्र्याला काठी : खानदेशातल्या प्रतिबंधक पशुवैद्यकाची गोष्ट

विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत जनावरांचा डॉक्टर कुठून आला? प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या घरातल्या कुत्र्याला वेळेवर लस का दिली जात नाही, याचं उत्तर दवाखान्यात सापडत नाही, ते दीडशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. म्हणून आज हा विषय घेतला.

सुरुवात चिनावलपासून करू. रावेर तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं हे गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ४ ऑगस्ट २०२२ रोजी इथल्या गुरांमध्ये लम्पी चर्मरोग आढळला, आणि त्या वर्षीच्या साथीची महाराष्ट्रातली पहिली नोंद आपल्या जळगाव जिल्ह्याच्या नावावर पडली. गुजरात आणि राजस्थानात तोवर हाहाकार झालेला होता. अंगभर गाठी, ताप, सुजलेले पाय, चारा सोडलेलं जनावर. आणि पोळा तीन आठवड्यांवर! खांदेमळणी करायची, शिंगं रंगवायची, त्या दिवसांत शेतकरी रोज सकाळी गोठ्यात जाऊन बैलाच्या कातडीवरून हात फिरवून पाहत होता, गाठ लागते का म्हणून.

हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. माणसाला होत नाही. तरी दूध पिऊ नका अशी अफवा उठलीच. साथ आली की अफवा येते, याला कुठलाच काळ अपवाद नाही. पुढच्या महिन्यात राज्यभर गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. लम्पीची स्वतःची लस बाजारात नव्हती. देशी लस त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली होती, पण ती हाताशी यायला वेळ होता. मग शेळ्यांच्या देवीवरची लस गुरांना द्यायचं ठरलं, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. राज्यात गोवंश जवळपास १ कोटी ४० लाख. एवढ्यांना लस, तीही फुकट आणि गोठ्यात येऊन. ज्यांची जनावरं दगावली त्यांना गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर झाली.

सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणत नाही. काही गोठ्यांत लस पोचायच्या आधी रोग पोचला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शेतकऱ्याने 'माझं जनावर तर धडधाकट आहे, सुई कशाला?' असं फारसं म्हटलं नाही. आजारी नसलेल्या जनावराला सुई टोचून घ्यायची असते, ही समजूत त्याच्याकडे आधीच होती. ती आली कुठून?

ती आली बुळकांडीतून. आज पन्नाशीच्या आतल्या माणसाने बुळकांडी पाहिलेली नसते. आजीआजोबांना विचारा. तोंड येतं, डोळे गळतात, ढाळ लागतात आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. बैल मेला की पेरणी बुडाली, पेरणी बुडाली की सावकार दारात. आणि सरकारच्या दृष्टीने, शेतसारा बुडाला. इंग्रज सरकारला गुरांची काळजी वाटू लागली ती इथून, भूतदयेतून नव्हे.

१८६५-६६ मध्ये खुद्द इंग्लंडमध्ये हीच साथ आली. त्यांनी काय केलं? आजारी आणि संशयित गुरं मारली, वाहतूक रोखली, रोग हटवला. हिंदुस्थानात १८६९ साली हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथीचा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७१ ला आला. इथला रोग आणि विलायतेतला रोग एकच, हे त्यातून स्पष्ट झालं. पण विलायतेतला उपाय इथे चालणार नव्हता. गाईबैलांची सरसकट कत्तल करण्याचं धाडस कुठलाही कलेक्टर करणार नव्हता, खानदेशात तर नाहीच. म्हणजे दुसरी वाट शोधणं भाग होतं.

ती वाट आपल्या पुण्यातून निघाली. १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. असले जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. इकडे मुंबईत दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं होतं, त्याच्या आधाराने १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. जिल्ह्या-जिल्ह्यांत गेलेले पहिले 'ढोरडॉक्टर' तिथले.

सुरुवातीला मुक्तेश्वरहून रक्तजल यायचं. त्याचा असर थोडे दिवस टिके. १९२०च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि टिकाऊ लस हाती आली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली, पाच वर्षांत ८० टक्के गाईम्हशींना लस द्यायची म्हणून. पाच वर्षांत जमलं नाही, चाळीस लागली. शेवटचा रोगी १९९५ ला, देश बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला २००६ ला आणि २०११ मध्ये जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. याचा उत्सव कुठेही झाला नाही, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

घोड्यांचं थोडक्यात सांगतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, पूर्वी धुळे जिल्ह्यात, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगावर लस नाही. त्यासाठी १८९९ मध्येच कायदा झाला: रक्त तपासा, दोष निघाला तर जनावर मारा. घोडा पलटणीचा होता, म्हणून कायदा लवकर झाला.

आता कुत्रा. तो बैलाइतकाच जुना राखणदार. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढ्यांचा कळप घेऊन निघाले की कुत्रा बरोबर असतोच, मळ्यातही असतो. पण त्याच्यावर शेतसारा नव्हता, आणि पलटणीला तो लागत नव्हता. शिवाय त्याला मारायला आडकाठी नव्हती. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारायला शिपाई पाठवले, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. तेवढा अपवाद. नाहीतर गावोगाव पालिकांचं धोरण एकच: कुत्री वाढली की मारा. २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि लस हा मार्ग ठरवून दिला, तोवर हेच चाललं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. बैल मारता येत नव्हता म्हणून त्याच्यासाठी लस शोधावी लागली, ती दारापर्यंत न्यावी लागली, आणि तीन पिढ्यांत शेतकऱ्याला सवय लागली. कुत्रा मारता येत होता, म्हणून त्याच्या लसीची कुणाला निकडच वाटली नाही.

आणि शास्त्र नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. कसौलीची पाश्चर संस्था १९०० ची, सेंपल यांची लस १९११ ची. पण ती माणसासाठी, चावल्यानंतरची. पोटातली ती चौदा इंजेक्शनं जुन्या लोकांना अजून आठवतात. इथे ती २००४-०५ पर्यंत चालू होती. कुत्र्यालाच आधी लस द्यावी ही कल्पना जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ मध्ये प्रत्यक्षात आणली. १९५० मध्ये तिथे नोंदणी आणि लस सक्तीची झाली आणि १९५७ नंतर स्थानिक रेबीज उरला नाही. सात वर्षं! तेव्हा आपण चावलेल्या माणसाला तालुक्याहून जिल्ह्याला नेत होतो, आणि काही जणांना मांत्रिकाकडे.

इतकं लांब जायचीही गरज नाही, शेजारी गोवा आहे. तिथे जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून, पाळीव असो की मोकाट, दहातल्या सात कुत्र्यांना दरवर्षी लस देण्याचं धोरण धरलं गेलं. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. मालक दवाखान्यात येईल याची त्यांनी वाट पाहिली नाही. चिनावलच्या वेळी गोठ्यात गेले, तसेच ते गल्लीत गेले.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. बुळकांडी संपली, पण तिचा जवळचा भाऊबंद आपल्या अंगणात आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर, माणसाचा गोवर, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, ही सगळी एकाच विषाणूकुळाची. धुळ्या-जळगावात आता घरोघरी लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड दिसतात. पिल्लू हजारो रुपयांना येतं आणि महिन्याभरात डिस्टेंपर किंवा पार्वोने जातं. पार्वो तर १९७८ च्या सुमाराचा नवा रोग. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून या लसी, जंताचं औषध, तीन महिन्यांनी रेबीजची, नंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी. गोचिडांकडेही लक्ष हवं, गोचीडतापाने चांगलं कुत्रं जातं. हे सगळं ठाऊक असलेला मालकही म्हणतो, 'आमचा टॉमी घराबाहेर जातच नाही.' बैलाबद्दल हे वाक्य त्याच्या आजोबांनी कधी म्हटलं नसतं.

२०१९ पासून लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. गाईच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. त्या आकड्यांवरून तिला कधी, कुठली लस दिली ते कळतं. आपल्या दारातल्या कुत्र्याची नोंद कुठे असते? असली तर कपाटातल्या एका पुस्तिकेत, जिच्यावर शेवटचा शिक्का बहुधा पिल्लू असतानाचा आहे. आज घरी गेल्यावर ती काढून तारीख बघा. आणि आता तुमचे प्रश्न घेऊ.