मोठ्यांनाही हवी काविळीची लस

घरातील बाळाचे लसीकरणाचे कार्ड कपाटात जपून ठेवलेले असते. मात्र त्याच घरातील आई-वडिलांना, 'तुम्ही काविळीची लस घेतली आहे का?' असे विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. लस ही लहान मुलांसाठीच असते, असा समज शहरी, सुशिक्षित घरांतही पक्का आहे. हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस बी या दोन आजारांच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो.

कावीळ हा स्वतंत्र आजार नसून यकृताला सूज आल्याचे ते लक्षण आहे. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीचे ए, बी, सी, डी आणि ई असे पाच मुख्य प्रकार आहेत. ए आणि ई दूषित पाणी व अन्नातून पसरतात. बी, सी आणि डी प्रामुख्याने रक्तातून. यांपैकी ए आणि बी यांवरील परिणामकारक लशी आपल्याकडे उपलब्ध आहेत.

स्वच्छतेची दुसरी बाजू

हिपॅटायटिस ए पूर्वी बालपणीच होऊन जात असे. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना त्याची लक्षणेही जाणवत नाहीत आणि एकदा संसर्ग झाला, की आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. प्रौढांत चित्र उलटे असते. संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे सात जणांना कावीळ होते, अनेक आठवडे अंथरुणात काढावे लागतात आणि क्वचित यकृत निकामी होऊन जीवावरही बेतते.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुन्यांची तुलना केली. शहरातील वरच्या आर्थिक स्तरात 'ए'ची प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण घटत असल्याचे त्यातून दिसून आले. म्हणजेच शुद्ध पाणी आणि स्वच्छ घर मिळालेली पिढी बालपणीच्या संसर्गातून सुटली. पण प्रतिकारशक्तीविनाच मोठी झाली. बाहेरचे खाणे, वसतिगृहे, प्रवास आणि टँकरचे पाणी यांतून विषाणूशी गाठ पडते ती ऐन तारुण्यात. सिंहगड रस्ता परिसरात २०२५ च्या सुरुवातीला 'जीबीएस' या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

'बी'चा मूक संसर्ग

हिपॅटायटिस बी रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुया आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाला, अशा मार्गांनी पसरतो. दाढीचे ब्लेड व टूथब्रश यांचा सामायिक वापर आणि अस्वच्छ साधनांनी गोंदणे हेही धोक्याचे आहे. हस्तांदोलनाने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. कित्येकांच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे कोणत्याही लक्षणाविना राहतो आणि पुढे लिव्हर सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते.

'बी'ची लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. आजचे बहुसंख्य प्रौढ त्यापूर्वी जन्मलेले आहेत. ज्यांनी ती खासगीरीत्या घेतली नाही, ते असुरक्षितच आहेत.

लस कोणी घ्यावी?

'बी'ची लस डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा व सफाई कर्मचारी, डायलिसिसवरील रुग्ण, मधुमेही, वारंवार रक्त घ्यावे लागणारे रुग्ण आणि बाधित व्यक्तीचे जोडीदार व कुटुंबीय यांनी अवश्य घ्यावी. यकृताचा जुनाट आजार असलेल्यांना दोन्ही लशींची गरज असते. सतत प्रवास करणारे, वसतिगृहात राहणारे आणि खाद्यपदार्थ हाताळणारे यांनी 'ए'च्या लशीचा विचार करावा.

मात्रा किती?

'बी'च्या लशीच्या तीन मात्रा असतात : पहिली, त्यानंतर एक महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. 'ए'च्या निष्क्रिय विषाणूंच्या लशीच्या दोन मात्रा किमान सहा महिन्यांच्या अंतराने दिल्या जातात. दोन्ही आजारांवरील एकत्रित लसही निघाली असून तिचे वेळापत्रक 'बी'च्या लशीसारखेच असते. एखादी मात्रा चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही; राहिलेली मात्रा घ्यावी. 'ए'ची जिवंत, क्षीण विषाणूंची लसही मिळते. मात्र गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत.

लशीपूर्वी रक्ततपासणी केल्यास खर्च वाचू शकतो. 'ए'ची प्रतिपिंडे आधीच असतील, तर लस अनावश्यक ठरते. 'बी'चा संसर्ग आधीच झालेला असेल, तर लशीचा उपयोग नाही. उपचारांची गरज आहे का, हे पाहावे लागते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली २०१८ पासून सरकारी केंद्रांत बी आणि सी यांची तपासणी व उपचार मोफत आहेत. आरोग्य कर्मचारी आणि डायलिसिसच्या रुग्णांनी तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी. चाळिशीनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांत लशीचा प्रतिसाद काहीसा कमी असतो. त्यामुळे लस लवकर घेणे हिताचे. वापरलेली सुई टोचली गेल्यास शक्यतो २४ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे.

लशीची मर्यादा

आपल्याकडे प्रौढांत काविळीची साथ पसरते ती अनेकदा 'ई' विषाणूमुळे. गर्भवतींसाठी तो विशेष घातक असतो आणि ए-बीच्या लशी त्याला रोखत नाहीत. म्हणून लस घेतली तरी पाणी उकळून पिणे, हात साबणाने धुणे आणि उघड्यावरचे पदार्थ टाळणे यांना पर्याय नाही. डोळे पिवळे दिसू लागल्यावर चुन्याच्या पाण्याने कावीळ 'उतरविण्यात' दिवस घालवू नयेत. आधी रक्ततपासणी करून कोणता विषाणू आहे हे जाणून घ्यावे आणि बाळाच्या कार्डाशेजारी स्वतःचेही एक कार्ड ठेवावे.