पिकअपचा जीर्णोद्धार : भंगारातून काय घ्यावे, काय टाळावे

इंदूर शहरातील खान नदीच्या काठावरच्या लालबाग राजवाड्याचे बांधकाम १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि १९२१ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पूर्ण झाले. पाया घातला गेला तेव्हा दारी घोडागाड्या उभ्या राहत, काम संपले तेव्हा मोटारी. याच घराण्यातील दुसरे यशवंतराव होळकर पुढे मोटारींचे नामांकित शौकीन ठरले. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यांनी बांधून घेतलेली उघडी मोटार आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारींना असे जतन करणारे हात लाभले. मालवाहू गाड्यांच्या वाट्याला मात्र बहुधा गॅसकटरच आला.

वास्तविक इंदूरचे नाव राजमोटारींपेक्षा मालवाहू गाड्यांशी अधिक घट्ट जोडलेले आहे. लालबागेपासून सुमारे २५ किलोमीटरवर, धार जिल्ह्यात, पिथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. आयशरने १९८६ मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने हलके ट्रक येथे बांधण्यास सुरुवात केली. बजाज टेम्पोची, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सची, ट्रॅक्सही इथलीच. याच कंपनीची मॅटाडोर, महिंद्राच्या जीपवर बेतलेल्या पिकअप, १९८६ ची टाटा ४०७ आणि १९८८ ची टाटामोबाइल या गाड्यांनी देशभर भाजी, दूध, विटा वाहिल्या. गोव्यात मासळी, नारळ आणि चिरे त्यांच्याच हौद्यातून फिरले. आजही एखाद्या घराच्या मागे, माडाखाली, झाप टाकून ठेवलेली अशी गाडी दिसते. ती पुन्हा चालती करावी असे मालकाला वाटते, आणि नवे सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे वाट भंगारअड्ड्याकडे वळते.

या वाटेवर पहिले पाऊल टाकण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास क्रमांकपट्टी, २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची नोंदणी अशी ती व्यवस्था आहे. परंतु ही सवलत दुचाकींना आणि व्यापारासाठी न वापरल्या जाणाऱ्या, प्रवासी वर्गातील चारचाकींना आहे. मालवाहू वर्गात नोंदलेली पिकअप त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्या नियमांना मूळ स्वरूपातील वाटतच नाही. कायद्याच्या दृष्टीने जुनी पिकअप ही वारसा नव्हे, कामाची गाडीच आहे. ती रस्त्यावर आणायची तर आठ वर्षांपुढील कोणत्याही मालवाहू वाहनाप्रमाणे तिने दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. ही अट अन्यायाची आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण ती आहे, आणि भंगारातून कोणता भाग घ्यावा हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

आधी कागद, मग पत्रा

गाडीची ओळख म्हणजे तिची चेसिस. इंजिन, केबिन, हौदा, चाके सगळे बदलले तरी चेसिसवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळला पाहिजे. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी तो क्रमांक शोधावा, भोवतीची माती आणि रंग रॉकेलच्या फडक्याने हळुवार काढावा, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्यावा आणि छायाचित्र काढून ठेवावे. तिथे ग्राइंडर चालवू नये. गंज काढण्याच्या उत्साहात क्रमांकच घासला गेला तर प्रामाणिक मालकावरही संशय येतो आणि त्याचे निरसन करता करता वर्ष जाते.

चेसिसच कुजली असेल तर? इथे मोह होतो तो भंगारातील दुसऱ्या गाडीची चांगली चेसिस आणून तिच्यावर आपली केबिन चढवण्याचा. तसे केल्यास कायद्याने ती आपली गाडी राहत नाही. आपल्या कागदांवर दुसरीच गाडी धावू लागते. जुन्या क्रमांकाचा तुकडा कापून नव्या दांडीवर जोडणे हा तर सरळ गुन्हा आहे. चेसिसची दुरुस्ती शक्य असेपर्यंत तीच दुरुस्त करावी. ते शक्य नसेल तर ती गाडी दुसऱ्या पिकअपसाठी भाग पुरवील, हे स्वीकारावे.

इंजिनाचे तसे नाही. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवता येते, मात्र वाहतूक खात्याच्या परवानगीने. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. परवानगीविना इंजिन बदलले गेले असल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, होऊ शकते. डिझेल गाडीत पेट्रोल इंजिन, दोन चाकांच्या ओढीच्या जागी चार चाकांची, आखूड हौद्याचा लांब हौदा हे सगळे गॅरेजमध्ये सहज होते. योग्यता तपासणीच्या दिवशी मात्र ते अंगाशी येते.

भंगारअड्ड्यात

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही जुन्या सुट्या भागांची प्रसिद्ध ठिकाणे. मेरठचा सोतीगंजही एकेकाळी असाच गाजलेला होता. चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद पडला. ही आठवण ठेवावी, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जाणूनबुजून नव्हते हे सांगायला हाती पावती लागते. इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना विक्रेत्याचे नाव, तारीख, भागावरील क्रमांक आणि तो ज्या गाडीतून काढला तिचा नोंदणी क्रमांक असलेले बिल मागावे. बिल नाही म्हणणाऱ्याकडून बंपर घ्यावा फार तर.

पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावात निघणाऱ्या जीप आणि पिकअप हा भागांचा मोठा स्रोत होता. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले असून ती नोंदणीकृत मोडीत केंद्रांकडे जातात. त्यामुळे जुन्या गाड्यांचे बाजारातील प्रमाण घटत चालले आहे. सुटे सुटे भाग दहा ठिकाणांहून जमवण्यापेक्षा, परवडत असेल तर, त्याच मॉडेलची आणि जवळपास त्याच सालातील दुसरी गाडी सबंध घ्यावी. काम पूर्ण होईपर्यंत तिचा एक बोल्टही विकू नये. कुठली क्लिप कुठे बसते हे दाखवणारा नकाशा म्हणूनही ती उपयोगी पडते.

कोणते भाग घ्यावेत? केबिनचा पत्रा, दरवाजे, बॉनेट, हौद्याच्या बाजू, फाळका, बिजागऱ्या, चाकांच्या रिंगा (भेगा नाहीत हे तपासून), गिअरबॉक्सची बाह्यपेटी, एक्सलची नळी, इंजिन ब्लॉक हे सगळे भंगारातून निर्धास्त घ्यावे. जुना बिडाचा ब्लॉक वर्षानुवर्षे तापून स्थिर झालेला असतो; भेग नसेल तर रीबोअर करून तो नव्यासारखा काम देतो. मात्र विकत घेण्यापूर्वी प्लग काढून पाण्याच्या वाटांत साचलेला गंज पाहावा आणि सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाने चाचपावे. तिथे लागणारी पायरी हीच झीज.

ब्रेकची चाकातील सिलिंडरे, होज, मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचे बॉलजॉइंट, टायर आणि कोणताही रबरी भाग भंगारातून घेऊ नये. दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. जुन्या पिकअपमध्ये ब्रेकचे तेल बहुधा एकाच वाटेने चारही चाकांना जाते. एक होज फुटला की पेडल तळाला जाते. जुन्या ब्रेकलायनर आणि क्लचप्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरने फुंकून टाकण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. ती ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकावी.

जीपच्या कुळातील पिकअपांना एक वेगळा फायदा आहे. महिंद्राच्या जुन्या डिझेल इंजिनांपैकी एमडी २३५० हे इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनावरून आले, तर त्यानंतरचे एक प्यूजोच्या परवान्याने बनले. ट्रॅक्टरची दुकाने असलेल्या गावात पहिल्याचे लाइनर, पिस्टन, गॅस्केट अजून विचारावेत. मिळण्याची शक्यता बरीच असते. याच कुळातील एक सापळाही सांगायला हवा. मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियनचे प्रमाण सर्व गाड्यांत सारखे नसते: कुठे ३९ दात आणि ८ दात, म्हणजे ४.८८, तर कुठे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचा एक्सल एका प्रमाणाचा आणि भंगारातून आणलेला मागचा दुसऱ्याचा असला, तर पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील घालताच दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्स्फर केस तुटते. विक्रेता ‘सगळे सारखेच’ म्हणतो. कव्हर काढून दात मोजावेत.

काम

गाडी सपाट जमिनीवर, चार ठोकळ्यांवर ठेवून चेसिसच्या चार ठरलेल्या भोकांतून ओळंबे सोडावेत, जमिनीवर खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर चेसिस सरळ आहे. फरक पडला तर कधीतरी गाडी आपटलेली आहे. तो दोष दूर केल्याशिवाय पुढचा एक पैसाही खर्च करू नये. वाकड्या चेसिसवर दरवाजे कधीच नीट बसत नाहीत आणि टायर एका अंगाने झिजत राहतात.

गंजाच्या बाबतीत गोव्याचा अनुभव इंदूरहून अगदी निराळा. माळव्याच्या कोरड्या हवेत तीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा पुष्कळदा वरून तांबूस आणि आतून खणखणीत निघतो. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. मासळीच्या गाड्यांची अवस्था तर अधिक वाईट, कारण पेट्यांतून वितळणाऱ्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या तळातून झिरपून मागच्या आडव्या दांड्यांवर वर्षानुवर्षे पडते. म्हणून किनाऱ्यावरील पिकअपची केबिन आणि हौदा शक्यतो घाटावरून किंवा त्याही पलीकडून आणावेत. बेळगाव, कोल्हापूरकडचा पत्रा आपल्यापेक्षा बरा.

लहान हातोडीने चेसिस ठोकत जावे. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड, बद्द आवाज म्हणजे गंजाचे थर. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा पत्रा जोडावा. वरून ठिगळ लावले तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचून तिथेच पुन्हा गंज धरतो. दोन पावसाळ्यांत ठिगळ सुटते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, इंधनटाकी गाडीतून काढून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावणे हे भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याचे, कारण आत उरलेली वाफच पेट घेते. चेसिसला जळके ऑइल फासण्याची जुनी पद्धत लोखंड वाचवते हे खरे, पण पाट्यांचे रबरी बुश सडवते आणि पहिल्या सरीबरोबर अंगणातल्या विहिरीकडे वाहत जाते. त्यापेक्षा गंज काढून रेड ऑक्साइड वा इपॉक्सी प्रायमर आणि पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक हे खर्चिक वाटले तरी बरे. दरवाज्यांच्या आणि हौद्याच्या तळाची पाणी जाण्याची भोके लांबीने बुजवू नयेत. ती बुजवण्याची चूक पुष्कळ पेंटर करतात.

इंजिनाचे काम जाणत्या लेथवाल्याकडेच द्यावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी परंपरा असलेल्या ठिकाणी जुन्या मापाचा बुश, शाफ्ट, व्हॉल्वगाइड नमुन्यावरून बनवून मिळतो. दुकानात न मिळणाऱ्या भागासाठी हाच खरा उपाय आहे. इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व किंवा हेडगॅस्केटचा. एवढ्या परीक्षेने कित्येकदा पूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

हौद्याच्या तळाला मूळ गाडीत लाकडी फळ्या असतील तर त्याच ठेवाव्यात. सागवान महाग, किंदळ चालतो. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली म्हणजे पाणी खाली निघून जाते. रंग कंपनीचा मूळ असेल तोच द्यावा. रंग बदलायचा असल्यास नोंदणीपुस्तकात नोंद करून घ्यावी लागते.

सगळे जुळून आल्यावर गाडी चालवत कार्यालयात नेण्याआधी तृतीय पक्षाचा विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र घ्यावे. योग्यता मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे हाही नियमभंगच. तपासणीची तारीख घेऊन ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. सोबत इंजिन बदलाची परवानगी, इंजिनाचे बिल आणि चेसिसचा तो पेन्सिलीचा ठसा असू द्यावा. निरीक्षक प्रथम वाकून क्रमांकच पाहतो.