परग्रहावरचा शत्रू आणि दासगावचा मुलगा

(१) आकाशातून तबकडी उतरते. एक पोरसवदा मुलगा ती पाहतो. आईवडील, शिक्षक, पोलीस यांपैकी कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि अखेर गाव वाचवण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर येते. विज्ञानपटांतील हे कथानक सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची मुळे मात्र वसाहतवादाच्या इतिहासात रुजलेली आहेत आणि त्या इतिहासात कोकणातील दासगावही आहे.

(२) १८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत मंगळवासी संहारक शस्त्रे घेऊन इंग्लंडवर उतरतात. पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाची आठवण करून देतात. युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूलनिवासींचा संहार केला असताना मंगळवासीयांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा, असा त्यांचा रोख आहे. जगज्जेत्या इंग्लंडला त्यांनी जितांच्या जागी उभे केले.

(३) इंग्रज वाचकाला जे कल्पनेने पाहावे लागले, ते सावित्री नदीच्या काठी प्रत्यक्ष घडून गेले होते. महाडजवळचे दासगाव हे खाडीकाठचे जुने बंदर. नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम उघडली. सुवर्णदुर्ग पडला, त्यापाठोपाठ बाणकोटही गेला आणि त्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' झाले.

(४) ही मोहीम पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून आखली होती, हे विसरता येत नाही. १७५६ च्या तहाने बाणकोट व काही गावे कंपनीकडे राहिली. त्यांत दासगावही होते. पेशवाई बुडण्याच्या सहा दशके आधीच येथे कंपनीचा अंमल सुरू झाला. पडद्यावरचा आक्रमक अवचित येतो. येथला मात्र घरच्या भांडणात मदतीला बोलावलेला होता.

(५) पुढे या कथानकात किशोरवयीन नायक आला तो अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. शीतयुद्धाची धास्ती होती आणि हाती पैसा असलेला तरुण प्रेक्षकवर्ग नव्याने उदयास आला होता. १९५३ च्या 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स'मध्ये तबकडी पाहणारा लहान मुलगा आपल्याच आईवडिलांना परके झालेले पाहतो.

(६) १९५८ च्या 'द ब्लॉब'मध्ये उल्केतून आलेला, माणसे गिळत फुगत जाणारा एक गोळा गावात शिरतो. पोरांची तक्रार पोलिसांना थट्टा वाटते. थंडीपुढे तो हतबल होतो, हे नायकाच्या ध्यानात येते आणि शाळेतील अग्निशामक नळकांडी आणून गाव वाचवले जाते. नायक झालेला स्टीव्ह मॅक्वीन तेव्हा किशोरवय केव्हाच ओलांडून गेला होता, हा भाग वेगळा.

(७) या चित्रपटांमागे एक गृहीतक आहे: शत्रू येण्यापूर्वी 'आपण' सारे एक होतो. दासगावचा इतिहास येथेच अडवतो. ज्या इंग्रजांनी मुलूख घेतला, त्यांच्याच सैन्यात या परिसरातील अनेक महार कुटुंबांना नोकरी, निवृत्तिवेतन आणि अक्षरओळख मिळाली. १८९० च्या दशकात ती भरतीही बंद झाली. गावच्या पाणवठ्यावर तर ही कुटुंबे आधीपासूनच परकी होती.

(८) याच परिसरात वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म १९०३) यांनी लहानपणी शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. मोठी माणसे ऐकत नाहीत असे पाहून त्या मुलाने लेखणी उचलली. त्याचे तक्रारीचे पत्र वृत्तपत्रात छापून आले. प्रवेश मिळाला, पण इतरांपासून वेगळे बसण्याच्या अटीवर.

(९) २०११ चा 'अटॅक द ब्लॉक' हा ब्रिटिश चित्रपट या घटनेशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीत हिंस्र परग्रही प्राणी उतरतात. त्यांच्याशी झुंजतो पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मोझेस. आरंभी तोच एका परिचारिकेला लुटतो. पोलिसांच्या लेखी तो निव्वळ गुन्हेगार आहे. हे प्राणी सरकारनेच आपल्या लोकांना मारण्यासाठी सोडले असावेत, असेही त्याला वाटते. तो वस्ती वाचवतो आणि शेवटी अटक त्यालाच होते.

(१०) मोरे यांची कथा पुढे महाडला पोहोचली. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेच्या आयोजनात ते अग्रभागी होते. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस. २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. तरीही तळ्यावर जाणाऱ्यांना मार खावा लागला.

(११) म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर तबकडी उतरेल, तेव्हा ती कोठून आली याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. ती उतरण्याच्या आदल्या दिवशी त्या गावातील तळ्यावर कोणाला पाणी भरता येत होते? मुलाचे म्हणणे कोणी का ऐकले नाही, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच सापडते.