व्यसनाचा रकाना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. विषय घरचाच आहे, म्हणून मामा-मामींना विचारून लिहितेय. मामा म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव टाकू नकोस." नातेवाईकांना कळणारच आहे म्हणा!

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी मामा जिन्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. इथेच नाशकात एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं. फॉर्म भरायला मी बसले होते. त्यात 'व्यसन' असा रकाना. मी मामीकडे बघितलं, मामीने मान हलवली आणि मी 'नाही' लिहून मोकळी झाले. मामाची रोज रात्रीची क्वार्टर आम्हा दोघींनाही माहीत होती.

तिसऱ्या रात्री मामाचे हात थरथरायला लागले. अंगाला घाम, भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसतायत म्हणाला, सलाईन उपटून घरी निघाला. कोणी म्हणे भुलीचा परिणाम, कोणी म्हणे डोक्याला मार. सकाळी मोठे डॉक्टर आले, मामीला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला आणि मामी रडायलाच लागली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. मामा वाचला. माझं 'नाही' मात्र डोक्यातून जाईना.

मग या रकान्याबद्दल जमेल तसं वाचत गेले, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सापडली. सिंहस्थात साधूंच्या चिलमी बघत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना ती जवळची वाटेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गांजाने माणसं वेडी होतात असा सरकारदरबारी पक्का समज होता. पुरावा काय, तर वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे. विलायतेत पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला आणि १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने देशभरात अकराशेवर साक्षी घेतल्या. पण मला भावलं ते वेगळंच. हे आकडे येतात कुठून, हे त्यांनी शोधून काढलं.

वेडा माणूस सापडला की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेत. सोबतच्या कागदात 'वेडाचे कारण' असा रकाना असे. तो रिकामा ठेवून कसं चालेल? माणूस कधी गांजा ओढायचा एवढं कळलं की झालं, लिहा 'गांजा'! इस्पितळात तेच रजिस्टरमध्ये उतरवलं जाई. मग डॉक्टर त्या आकड्यांवरून म्हणत, गांजाने वेड लागतं. आणि ते ऐकून पुढचा हवालदार पुन्हा 'गांजा' लिही. आहे की नाही गंमत?

आयोगाने १८९२ सालचे दाखले तपासायला घेतले. वर्षभरात १,३४४ जण दाखल झाले होते, पैकी २२२ जणांपुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेलं. गावोगावी नातेवाइकांकडे पुन्हा चौकशी केल्यावर त्यातले ९८ उरले. त्यातही ३७ जणांना दुसरं कारण संभवत होतं. म्हणजे निव्वळ गांजा-भांगेचे म्हणावेत असे ६१!

त्या हवालदाराने सोयीसाठी 'गांजा' लिहिलं, मी अब्रूसाठी 'नाही' लिहिलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला दोघांनीही विचारलं नाही.

नीट विचारायचं कसं, यावर पुढे बरंच काम झालं. १९६८च्या सुमारास अमेरिकेत जॉन युइंग या मनोविकारतज्ज्ञाने चार साधे प्रश्न तयार केले. पिणं कमी करावंसं वाटलं का? कोणी बोललं की चिडचिड होते का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का? किती पिता, हे त्यात नाहीच. त्यामुळे खोटं बोलायची वेळ कमी येत असावी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची 'ऑडिट' ही चाचणी केली, तिचे गुण ० ते ४०.

आपल्या शेजारच्या गोव्यात हीच चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरली गेली. २०१३ ते २०१५ या काळात दहा केंद्रांतून १२ ते १९ गुणांचे ३७७ पुरुष एका अभ्यासात घेतले. अर्ध्यांना डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चार बैठकांपर्यंत समजावलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, इतरांतले २६ टक्के. फरक थोडाच आहे, पण दहा प्रश्न आणि चार बैठकांत तो पडला.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहावरून जाताना मात्र वाटतं, तिथे हा प्रश्न कोण कसा विचारत असेल? पकडलेल्या माणसाची दारू त्याच दिवशी तुटते. त्याची 'तिसरी रात्र' कोठडीत येते. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. पण त्यासाठी आधी 'हो' म्हणावं लागतं, आणि खाकी गणवेशापुढे 'हो' म्हणायला केवढी छाती लागते! उत्तराचं पुढे काय होणार, हे माहीत असल्याशिवाय खरं कोण सांगेल?

असो. मामा आता पीत नाही. मध्ये दोनदा घसरला, तेही त्यानेच येऊन सांगितलं. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुन्हा मीच फॉर्म घेऊन बसले होते. त्या रकान्यापाशी थांबले, तर मामाने पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'होतं'.